टॉरसच्या भिंतीवर अडकलेल्या भाचीला

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

"मामा, हा गेम माझ्यासाठी नाहीच, तुझा स्विच घेऊन जा," हा तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. स्विच, म्हणजे तो निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, मी नेणार नाही. 'डार्क सोल्स'मध्ये भिंतीवरच्या टॉरस डीमनपाशी, त्या कुऱ्हाडवाल्या राक्षसापाशी, खूप जण अडकतात. मीही आठवडाभर अडकलो होतो.

तू कशी खेळतेस ते दिवाळीत पाहिलंय. शत्रू दिसला की सपासप बटणं दाबत सुटतेस. दमाची हिरवी पट्टी रिकामी होते आणि त्याचा वार येतो तेव्हा बाजूला लोळायलाही दम उरलेला नसतो. त्यात ढाल सतत वर धरतेस. ढाल वर असली की ती पट्टी हळू भरते, म्हणून जरा उसंत मिळाली की हात खाली घे. अंगावरचं चिलखतही कमी कर. पेलण्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त वजन झालं की लोळणं पोतं टाकल्यासारखं होतं.

आता टॉरस. पुढची चार-पाच मरणं त्याला एकही वार करू नकोस, नुसतं बघ. कुऱ्हाड उचलली की किती वेळ वर धरतो, आपटल्यावर किती वेळ वाकलेला राहतो. तो तुला फसवत नाही, त्याचे वार ठरलेले आहेत. तू घाबरून मागे पळतेस आणि नेमकी कुऱ्हाडीच्या टप्प्यात जातेस. मागे नको, त्याच्या पायांमधून पलीकडे लोळ. आणि भिंतीवर पाऊल टाकलंस की आधी मागे वळ. बुरुजाला शिडी आहे. वर दोन धनुर्धारी असतात, पाठीत बाण मारणारे तेच. त्यांना संपव, मग भिंतीवरून पुढे जा. तो आला की उलटी धाव घेऊन शिडी चढ आणि वरून त्याच्या डोक्यावर उडी मारत वार कर. वर रेंगाळू नकोस, तोही उडी मारून येतो.

सोल्स (शत्रू मारून मिळणारं गेममधलं चलन) गेले म्हणून रडलीस, असं ताई म्हणाली. मेलीस तिथे ते पडून राहतात, पण तिथवर पोचायच्या आत पुन्हा मेलीस तर कायमचे जातात. म्हणून टॉरसपुढच्या धुक्याच्या दारात शिरण्याआधी शेकोटीपाशी बसून खर्चून टाक. खिसा रिकामा असला की हात थरथरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

रात्री अकरानंतर खेळू नकोस. या गेमला पॉज नाही, पण स्विचचं पॉवर बटण दाबलं की सगळं आहे तिथे थांबतं. मी निम्मा गेम लोकलमध्ये खेळलोय, ठाणे ते दादर एक प्रयत्न, की स्विच बॅगेत. घरच्या मोठ्या पडद्यापेक्षा मला तोच जास्त आवडला. हातात असलं की ते जग आपल्या मालकीचं वाटतं. (हेडफोन मात्र लाव, कोपऱ्याआडची पावलं ऐकू येतात.)

इंटरनेट चालू ठेवलंस तर जमिनीवर केशरी अक्षरं चमकताना दिसतील. ते इतर खेळाडूंचे निरोप. या मालिकेचे कर्ते हिदेताका मियाझाकी एकदा बर्फात चढावर गाडीसकट अडकले होते. मागच्या गाड्या एकमेकींना ढकलत वर चढल्या, त्यांच्याही गाडीला ढकललं, पण थांबले तर पुन्हा अडकतील म्हणून आभार मानायला त्यांना थांबता आलं नाही. आधीच्या 'डीमन्स सोल्स'साठी अनोळखी मदतीची ही कल्पना त्यांना तिथून सुचली. काही निरोप खोटे असतात. कड्याच्या टोकाशी 'उडी मार' असं लिहिलेलं असेल तर मारू नकोस! पण एखाद्याने खरोखर सावध केलेलं असतं, तेव्हा फार बरं वाटतं.

टॉरस पडला की पूल लागेल, त्यावर ड्रॅगन आहे, जपून. पुढे चर्च. तिथे एक लिफ्ट सापडेल, ती खाली कुठे उघडते ते मी सांगणार नाही. उघडली की मला फोन कर, मीटिंगमध्ये असलो तरी उचलेन.

तुझा,
मामा