सुझुकीच्या जिमनीसारख्या छोट्या, साध्या ऑफ-रोड गाड्यांचं लोकांना एवढं वेड का?
मुख्य कारण वजन. दोन-अडीच टनांची धूड गाडी चिखलात स्वतःच्याच भाराने रुतत जाते. ११००-१२०० किलोंच्या आसपासची जिमनी तिथून वरच्यावर निघून जाते. अडकलीच तर चार जण ढकलून बाहेर काढतात.

१९७० ची पहिली जिमनी तर ३५९ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर पळायची! पण लॅडर फ्रेम (शिडीसारखी मजबूत चौकट), पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध दांडा) आणि लो-रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) हा मूळ ढाचा आजही तोच आहे. दगडावर एक चाक वर उचललं गेलं की त्याच अ‍ॅक्सलचं दुसरं चाक खाली दाबलं जातं, पकड सुटत नाही.

हायवेवर मात्र ती डुलते, आवाजही बराच, आणि तीन दारांच्या जिमनीत मागच्या सीटवर माणसं बसली की सामानाला जागा जवळपास नाहीच.