सॉकेट एकच आहे, मग आय-५ ८४०० माझ्या जुन्या बोर्डावर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: टॉवेलवर विणायच्या नक्षीचं, म्हणजे जेकार्ड डिझाइनचं काम, २०१६ साली असेंबल केलेला डेस्कटॉप, त्यात इंटेलचा आय-३ ६१०० प्रोसेसर, एच ११० चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. सोलापूरच्या नवी पेठेतला एक दुकानदार वापरलेला आय-५ ८४०० देतोय, 'सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) एकच आहे, बसतंय की' म्हणत. सोबत ८ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर लागणारी वेगवान डिस्क) आणि ग्राफिक कार्डही घ्यावं का?

प्रोसेसर घेऊ नका. दुकानदार खोटं बोलत नाही. ८४०० तुमच्या बोर्डावर बसतो. खाचा जुळतात, क्लिप लागते, पंखा फिरतो, आणि स्क्रीन काळीच राहते. तुमचा ६१०० सहाव्या पिढीचा, ८४०० आठव्या. सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट एलजीए ११५१ आणि आठव्या-नवव्याचंही एलजीए ११५१, पण २०१७ साली आठवी पिढी आली तेव्हा इंटेलने आधी राखीव ठेवलेल्या काही पिना वीज आणि ग्राउंडकडे वळवल्या आणि ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) सक्तीचा केला. तुमचा एच ११० त्याच्या आधीचा. यूट्यूबवर बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) बदलून, पिनांवर टेप चिकटवून हे चालवणारे सापडतील. हौस म्हणून ठीक आहे, ज्या मशीनवर उद्या सकाळी डिझाइन द्यायचंय तिच्यावर हा खेळ नको.

याच बोर्डावर वर जायचं असेल तर सहावी किंवा सातवी पिढी: आय-५ ७५००, आय-७ ६७०० किंवा ७७००. सातवी घेणार असाल तर बायोस आधी अपडेट करावं लागेल, कारण २०१६ च्या बोर्डाला ती ओळखता येईलच असं नाही. आणि ते काम जुना ६१०० बसवलेला असतानाच करायचं. नवा घातल्यावर मशीन सुरूच होणार नाही, मग अपडेट करणार कशावर? अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच जातो, म्हणून यूपीएसशिवाय बायोसला हात लावू नका.

पण खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असतो तर प्रोसेसरपाशी सुरुवातच केली नसती. तुमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर कोणतं, किती जुनं, आणि त्याचं डोंगल (पोर्टला लावायची लॉकची डबी, जिच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) कोणत्या पोर्टला लागतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. टॉवेल-चादरीच्या धंद्यात सगळं तिथंच अडतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या एका कारखान्यात झालेली गोष्ट सांगतो. बोर्ड उडाला, नवा घातला, रॅम-एसएसडी सगळं झकास. सॉफ्टवेअर उघडलं तर म्हणे लॉक सापडत नाही. डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टचं, आणि नव्या बोर्डावर तो पोर्टच नव्हता. यूएसबीची प्रिंटर केबल आणली. तिच्यावर प्रिंटर चालतो, डोंगल नाही. मग पीसीआय-एक्सप्रेसचं पॅरलल (प्रिंटर पोर्टचं) कार्ड आणलं. विंडोजला पोर्ट दिसला, सॉफ्टवेअरला तरीही लॉक दिसेना. असली जुनी सॉफ्टवेअर्स लॉक ३७८ या ठरावीक पत्त्यावरच शोधतात आणि वरून लावलेल्या कार्डाला पत्ता दुसराच मिळतो. शेवटी प्रिंटर पोर्ट असलेला जुनाच बोर्ड शोधून त्या सॉफ्टवेअरपुरतं वेगळं मशीन ठेवलं. इंटरनेट, मेल, व्हॉट्सअ‍ॅप नव्यावर. जुन्याला नेटची वायरच नाही. मला ही मांडणी आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते.

डोंगलवरून आणखी एक गाठ पडते. त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा असेल तर तुमची विंडोजही बहुधा ३२ बिटच असणार. मग ८ जीबी सोडा, १६ जीबी रॅम घातली तरी वापरात सव्वातीन-साडेतीन जीबीच येणार. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, 'सिस्टिम टाइप'पुढे दिसेल. ६४ बिट असेल तर रॅम जरूर वाढवा, त्याचा फरक लगेच कळेल. घेण्याआधी कॅबिनेट उघडून जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा: एच ११० चे बहुतेक बोर्ड डीडीआर-४ चे, पण डीडीआर-३ लावणारेही निघाले होते, आणि दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. बोर्डाचं नेमकं नाव विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'पुढे मिळेल. तेच नाव कंपनीच्या साइटवर टाकलं की कोणते प्रोसेसर चालतात त्याची यादी निघते. दुकानदाराला ती यादी मोबाइलवर दाखवा, वाद होत नाही.

एसएसडी मात्र डोळे झाकून घ्या, फक्त एनव्हीएमई नको. एच ११० च्या अनेक बोर्डांवर त्यासाठी लागणारा एम.२ चा स्लॉटच नसतो, असला तरी डेटाच्या मंद मार्गावर असतो, आणि विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली असेल तर एनव्हीएमईवरून बूट करताना वेगळीच डोकेदुखी. साधा अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या केबलवर लागतो. सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास देतो, जुनी हार्ड डिस्क कशीबशी शंभर-दीडशे. मशीन 'स्लो' वाटण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा ही डिस्कच. डिस्क क्लोन करा (जुनीची हुबेहूब प्रत नव्यावर), आणि जुनी महिना-दोन महिने पुसू नका. काही सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्कच्या नंबरला बांधलेलं असतं.

ग्राफिक कार्ड नको. जेकार्डचं काम सपाट चित्राचं, तुमच्या ६१०० मधले अंगचे ग्राफिक्स त्याला पुरून उरतात. पोराला गेम खेळायचे असतील तर तो विषय वेगळा, आणि तेव्हा आधी एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बघावा लागेल. कॅबिनेटसोबत फुकटात आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. वेगळी वायर न लागणारं, स्लॉटमधूनच ७५ वॅटच्या आत भागवणारं कार्ड घ्यायचं.

दुकानदाराने ८४०० का सुचवला असेल याचा अंदाज आहे: विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, म्हणजे ३२ बिटवालं डोंगल तिथंही अडणारच. ११ हवीच असेल तर बोर्ड-प्रोसेसर दोन्ही बदला: आय-३ १२१०० आणि एच ६१० चा बोर्ड पुरे. यातही डीडीआर-४ आणि डीडीआर-५ असे वेगवेगळे बोर्ड आहेत. डीडीआर-४ चा घेतलात तर आत्ता घेतलेली रॅम पुढे चालेल. जुना पंखा मात्र चालणार नाही, या नव्या बोर्डाच्या एलजीए १७०० सॉकेटभोवतीची भोकं जरा लांब आहेत.

आणि काहीही विकत घेण्याआधी, तुमचं मशीन लूमच्या शेजारच्या खोलीत असेल तर, पंखा काढून हीटसिंक बघा. कापसाचं तूस त्याच्या पात्यांत नमदा जमल्यासारखं बसतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. कोरड्या ब्रशने साफ करून नवी थर्मल पेस्ट लावा, मग ठरवा रॅमच्या पुढं काय हवंय.