उपग्रह-टॅग न लावता देवमाशांचे स्थलांतर कळते का?

होय, कळते. (उपग्रह-टॅग म्हणजे देवमाशाच्या अंगावर लावलेले, त्याचे ठिकाण उपग्रहामार्फत कळवणारे यंत्र.) ‘टॅगशिवाय बाकी सगळे अंदाजच’ हे आपल्या प्रश्नातले वाक्य मी नाशिकमध्ये घरच्याच माणसाकडून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना फेब्रुवारीत हवाईच्या माउई बेटाजवळ आम्ही हंपबॅक देवमासे पाहिले. खोल बुडी मारताना त्यांतल्या एकाने शेपूट उभी केली तेव्हा आमची बोट नेमकी त्याच्या मागे होती; त्यामुळे शेपटीच्या खालच्या अंगावरचे काळे-पांढरे डाग, करवतीसारखी कड आणि डाव्या पात्यावरचे ओरखडे फोटोत स्वच्छ उतरले. हा नमुना प्रत्येक देवमाशाचा वेगळा असतो. फोटो ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावर दिल्यावर उत्तर आले की हाच देवमासा आधीच्या एका उन्हाळ्यात आग्नेय अलास्कात, म्हणजे त्यांच्या अन्नक्षेत्रात, टिपला गेला होता. माझे मेहुणे सातपूरला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. ते फोटो पाहून म्हणाले, ‘‘मधला रस्ता दिसला का? मग हा मागोवा कसला?’’

मला हे मुळीच मान्य नाही. टॅगचा संदेश देवमासा पृष्ठभागावर आला तरच उपग्रहाला मिळतो, आणि टॅग काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत गळून पडतो. कोलंबियाजवळ २०१३ मध्ये टिपलेला एक नर २०२२ मध्ये झांझिबारजवळ, किमान १३,०४६ किलोमीटर दूर, ओळखू आला तो शेपटीच्या फोटोवरूनच. एवढी वर्षे टिकणारा टॅग अजून कोणी बनवलेला नाही. त्याआधीच्या पिढीत तर क्रमांक कोरलेली धातूची नळी देवमाशाच्या अंगात मारत, आणि ती हाती लागे तो मारला जाऊन चिरला गेल्यावरच.

अर्थात, प्रत्यक्ष मार्ग हवा असेल तर टॅगला पर्याय नाही. ओमानजवळ २०१७ मध्ये टॅग लावलेली ‘लुबान’ ही मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकाकडे आली, हे फोटोंवरून समजले नसते, कारण आपल्या बाजूला फोटो काढणारेच नव्हते. शिवाय अरबी समुद्रातले हंपबॅक ध्रुवाकडे जातच नाहीत. त्यांचे खाणे आणि वीण दोन्ही याच समुद्रात होते. पण म्हणूनच कोकण किनाऱ्यावर बोटीने जाणाऱ्यांनी कॅमेरा जवळ ठेवावा, देवमासा दिसल्यास त्याच्या मार्गात न जाता मागून शेपटीच्या खालच्या अंगाचा फोटो घ्यावा आणि तारीख, वेळ व ठिकाण त्याच दिवशी नोंदवावे. मेहुण्यांनाही मी हेच सांगत आलो आहे.