हेड कोच गेला, आता डिफेन्सवाल्यांचं काय? (एच-१बीवाल्यासाठी)

तुझा प्रश्न वाचला आणि माझा तो डिसेंबर आठवला. तुमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या हेड कोचला काढलं, डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचा मुख्य कोच) म्हणतोय "नव्या कॉलेजात तुला घेऊन जातो", तू अ‍ॅनालिस्ट (सामन्यांच्या फिल्म अभ्यासणारा), एच-१बीवर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा), आणि विचारतोयस की भाड्याचं घर आत्ताच सोडू का. नको सोडूस.

फिल्म कशी कापायची, रिझ्युमे कसा लिहायचा हे तुला येतच असणार, ते सोडून देतो.

मी लाइनबॅकर्सच्या (बचावाच्या मधल्या फळीच्या) कोचिंगच्या खोलीत होतो. शनिवारी शेवटची मॅच हरलो, रविवारी सकाळी दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा. काचेतून बोर्ड दिसत होता. थर्ड डाउनसाठी (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नासाठी) मी लावलेली खेळाडूंच्या नावांची मॅग्नेट्स तशीच. दुपारी कोऑर्डिनेटरचा फोन, "सामान बांध." मी बांधलं, घर सोडलं. माणूस खोटारडा नव्हता. त्याची जागा पक्की होती, पण माझी त्याच्या हातात नव्हती. तिथल्या एचआरला आधी जाहिरात काढायची होती, मग मुलाखतीचा सोपस्कार, मग पिटिशन, म्हणजे माझ्या व्हिसासाठी नव्या कॉलेजचा सरकारकडे अर्ज.

खरा घात केला जुन्या विद्यापीठाच्या परदेशी कर्मचाऱ्यांच्या ऑफिसने. विचारलं, किती दिवस आहेत? उत्तर आलं, "तुमचे कागद जूनपर्यंतचे आहेत, काळजी नको." अरे, नोकरी सुटली की जास्तीत जास्त ६० दिवस! साधारणपणे पगाराच्या शेवटच्या दिवसानंतर मोजायला लागतात, कागदावर जून असो की डिसेंबर. माझा शेवटचा दिवस कोणता, हे लेखी मिळवायला तीन मेल आणि ४१ दिवस गेले. मुदतीत पिटिशन दाखल झालं असतं तर त्यावर काम सुरू करता आलं असतं. नाही झालं. स्प्रिंग प्रॅक्टिसच्या बातम्या मी पुण्यात घरी बसून वाचल्या. जागा दुसऱ्याला गेली.

मी वकील नाही, नियम बदलतात. तासाभराचे पैसे मोजून स्वतःचा वकील गाठ. विद्यापीठाचा वकील विद्यापीठाचा असतो.

या धंद्यात 'माझ्या कोचबरोबर जाणार' याचं फार कौतुक. बड फॉस्टर या बचावाच्या कोचसारखा १९८७ ते २०१९ एकाच जागी, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाला, टिकणारा विरळा. मला विचारशील तर कर्बी स्मार्टकडे बघ (पुढे जॉर्जिया विद्यापीठाचा हेड कोच झाला तो): वाल्डोस्टा स्टेटला कोऑर्डिनेटर झाल्यावर फ्लोरिडा स्टेटला ग्रॅज्युएट असिस्टंट (शिकता शिकता काम करणारा कनिष्ठ मदतनीस) म्हणून गेला. एक पायरी उतरायला लाजू नकोस, फक्त एच-१बीवर त्या पदाचं काम बसतं का ते वकिलाला विचार. मात्र तो पुढे मायामी डॉल्फिन्सला (एनएफएल या व्यावसायिक लीगमधला क्लब) गेला, त्या वाटेला आपण लगेच जाऊ नये. विद्यापीठाच्या एच-१बीला लॉटरीतून (सोडतीतून) जावं लागत नाही, एनएफएलच्या क्लबच्या एच-१बीला जावं लागतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जानेवारीतल्या कोचेसच्या अधिवेशनाला जा, पण व्याख्यानांत अडकू नकोस, लॉबीत उभा राहा. बूट जुने घाल.

आणि कार्ड चालतंय तोवर ऑफिसातलं स्वतःचं सामान घरी आण. माझा थंडीचा कोट त्या खुंटीवरच राहिला.