१९३७ची निवडणूक : तुमचे प्रश्न

मुंबई इलाख्याच्या १९३७च्या निवडणुकीवर लिहिलं, की एक तक्रार हमखास येते : काँग्रेस जिंकली, बाळासाहेब खेर मुख्य प्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झाले, आणखी काय सांगायचंय? माझ्या मते सांगण्यासारखं बरंच आहे. मत कुणाला होतं आणि ते कसं मोजलं जात होतं, हे कळल्याशिवाय या निवडणुकीतला एकही जय-पराजय नीट उमगत नाही. या वेळी आलेले बरेचसे प्रश्न त्याच दिशेचे आहेत, म्हणून ते एकत्र घेतो.

चिपळूणहून एक वाचक विचारतात : माझे पणजोबा खोताच्या गावात कूळ होते. १९३७ला त्यांना मत असेल का?

खोत म्हणजे कोकणात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार, आणि कूळ म्हणजे त्याच्या हाताखाली जमीन कसणारा. पणजोबा किती जमीन कसत आणि तिचा धारा, म्हणजे शेतसारा, किती होता, यावर ते अवलंबून आहे. १९३५च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात ग्रामीण मतदारासाठी ढोबळ कसोटी ठेवली होती ती ८ रुपये शेतसाऱ्याची. इतका सारा असलेली जमीन मालक म्हणून धरलेली असो की कूळ म्हणून, मत मिळे. १९१९च्या कायद्यातली रक्कम याच्या कितीतरी वर होती, त्यामुळे १९३७च्या मतदार यादीत मध्यम शेतकरी पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं आला. कोकणात मात्र जमिनीचे तुकडे लहान आणि धारा कमी. देशावरच्या शेतकऱ्याच्या मानानं कोकणातला कूळ यादीबाहेर राहण्याचा संभव अधिक. पणजोबा मॅट्रिक असते तर जमिनीशिवायही त्यांचं नाव लागलं असतं. सैन्यातून निवृत्त झालेल्यांनाही मत होतं. कोकणातल्या अनेक घरांत ही वाट खुली होती, तेव्हा घरात कुणाची पलटणीतली पेन्शन होती का, तेही विचारून पाहा.

या यादीतलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. अस्पृश्य समाजातल्या माणसाला साक्षर असल्यास मत होतं. आणि साक्षर नसला, तरी तो गावची कनिष्ठ वतनी चाकरी करत असेल, तर त्यालाही मत होतं. वेसकर म्हणून गावाची राखण करणारा, सरकारी टपाल वाहणारा, मेलेलं ढोर ओढणारा महार त्या चाकरीच्या जोरावर मतदार झाला. डॉ. आंबेडकर १९२८पासून याच महार वतनाच्या विरोधात कायदेमंडळात विधेयक घेऊन उभे होते. ज्या जोखडातून माणसं सोडवायची, त्याच जोखडानं त्यांना मत मिळालं, आणि त्या मतांवर जोखड तोडू पाहणारा पक्ष निवडून आला. या निवडणुकीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर मी ही ठेवेन.

मुंबईहून : क्रिकेटपटू पाळवणकर बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले होते, हे खरं का? आणि इतकी चुरस कशी झाली?

खरं आहे. भायखळा-परळ मतदारसंघातल्या राखीव जागेसाठी काँग्रेसनं बाळूंना उभं केलं होतं. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

बाळू तेव्हा साठीला आलेले. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. चांभार समाजात जन्मला म्हणून हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ला धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. तरुण आंबेडकरांना बाळूंचं मोठं कौतुक होतं. अस्पृश्यांना वेगळ्या मतदारसंघांऐवजी राखीव जागा देणाऱ्या पुणे करारावर १९३२ला सह्या झाल्या, त्यांत दोघांचीही सही आहे. पण ऑक्टोबर १९३५मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर केलं आणि वाटा पुरत्या वेगळ्या झाल्या. बाळूंना धर्मांतर मान्य नव्हतं. त्यांना काँग्रेसच्या हातातलं बाहुलं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मैदानावर उभं आयुष्य अपमान गिळून त्यांनी जागा मिळवली होती, आणि हिंदू समाजात राहूनच लढायचं हे त्यांचं स्वतःचं मत होतं. त्यांच्याशी मतभेद असणं वेगळं आणि त्यांना लहान करणं वेगळं.

आता चुरशीबद्दल. पुणे करारानुसार राखीव जागेवर मतदान सर्वांचं. उमेदवार अस्पृश्य समाजातला, पण मत सवर्णांचंही. त्यामुळे काँग्रेसचा उमेदवार सवर्ण मतांच्या बळावर सहज निवडून येईल, ही डॉ. आंबेडकरांची भीती रास्तच होती, आणि इतर प्रांतांत ती बऱ्याच प्रमाणात खरीही ठरली. मुंबई इलाख्यात ती खरी ठरली नाही, याचं मोठं कारण मतदानाची पद्धत. इथे अनेक जागांचे मतदारसंघ होते आणि जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराच्या हातात. ती वेगवेगळ्या उमेदवारांत वाटता येत, किंवा सगळीच्या सगळी एकाच्या पारड्यात टाकता येत. काँग्रेसच्या मतदाराला आपली मतं पक्षाच्या सगळ्या उमेदवारांत विभागावी लागत. परळच्या चाळीतल्या गिरणी कामगाराला अशी अडचण नव्हती. त्याला एकच नाव माहीत होतं आणि त्यानं सगळी मतं तिथेच दिली.

म्हणून वरचे आकडे वाचताना जपायला हवं. १३,२४५ ही मतं आहेत, तितकी माणसं नव्हेत. ‘तेरा हजार लोकांनी निवडलं’ असं जे सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे.

इलाख्यात अशा १५ राखीव जागा होत्या. ऑगस्ट १९३६मध्ये स्थापन झालेला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष अवघ्या सहा महिन्यांत निवडणुकीला सामोरा गेला. त्यानं १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक सगळे निवडून आणले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड आले. शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण उमेदवारही याच पक्षातर्फे सर्वसाधारण जागांवर निवडून आले. एका जातीचा पक्ष म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांनी ही नावं पाहावीत.

पुण्याहून : मग त्या आमदारांनी साधलं काय? खोती तर गेली नाही.

लगेच गेली नाही, हे खरं. १७ सप्टेंबर १९३७ला डॉ. आंबेडकरांनी विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातल्या आणि इतर भागांतल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. काँग्रेस सरकारनं विधेयकाला वाट दिली नाही. त्याच वर्षी सरकारनं संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ला मुंबईत संप झाला आणि स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले.

कायदे मंजूर करून घेण्याइतकं बळ या आमदारांकडे नव्हतंच. पण खोताच्या वाड्यावर कुळानं वेठ का करायची, हा प्रश्न त्यांनी गावातून उचलून विधानसभेच्या कामकाजात नेऊन ठेवला आणि सरकारला त्याचं उत्तर देणं भाग पाडलं. खोती कायद्यानं गेली ती १९४९-५०मध्ये. तेव्हा मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेरच, १९३७ला ज्यांच्या सरकारनं हे विधेयक अडवलं होतं तेच. महार वतनाला त्यानंतरही बरीच वर्षं थांबावं लागलं. ते रद्द करणारा कायदा १९५८चा.

साताऱ्याहून : आमच्याकडचे धनजीशा कूपर खेरांच्या आधी मुख्य प्रधान होते असं ऐकतो. निवडणूक काँग्रेसनं जिंकली, मग हे कसे?

काँग्रेसला १७५पैकी ८६ जागा मिळाल्या. स्वच्छ बहुमताला दोन कमी, तरी सर्वांत मोठा पक्ष तोच. पण गव्हर्नरनं आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, असं आश्वासन मिळाल्याशिवाय सत्ता घ्यायची नाही, असं काँग्रेसचं ठरलं होतं. १ एप्रिल १९३७ला १९३५चा कायदा लागू झाला आणि मंत्रिमंडळ तर हवं होतं. म्हणून कूपरांना बोलावलं गेलं. सातारा रोडला लोखंडी नांगरांचा कारखाना चालवणारे हे पारशी उद्योजक जिल्ह्याच्या राजकारणात ब्राह्मणेतर पक्षाचे आधार होते. त्यांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहता आणि हुबळीकडचे सिद्दप्पा कांबळी होते.

पाठीशी बहुमत नव्हतं, म्हणून सभागृहाला सामोरं न जाताच हे सरकार चाललं. तरी त्याच्या नावावर एक मोठा निर्णय आहे. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांवरची बंधनं १० मे १९३७ला उठली ती याच सरकारच्या काळात, आणि त्यासाठी जमनादास मेहतांनी जोर लावला होता. पुढे जूनमध्ये गव्हर्नरांच्या ढवळाढवळीची भीती दूर करू पाहणारं व्हाइसरॉय लिनलिथगो यांचं निवेदन आलं, जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं सत्ता घ्यायचं ठरवलं, आणि १९ जुलैला खेर आले.

ठाण्याहून : नरीमन यांना पारशी म्हणून डावललं का?

वीर नरीमन हे मुंबई शहर काँग्रेसचे अध्यक्ष. बॅकबे भराव योजनेतला गैरकारभार त्यांनी उघड केला, त्यापायी अब्रुनुकसानीचा खटला अंगावर घेतला आणि तो जिंकला. काँग्रेस आमदारांचं नेतेपद, म्हणजेच मुख्य प्रधानपद, आपल्याला मिळणार असं ते धरून चालले होते. मार्चमध्ये काँग्रेस आमदारांनी खेरांना निवडलं. वल्लभभाई पटेलांनी आमदारांवर दबाव आणला, असा नरीमनांचा आरोप होता. गांधीजी आणि डी. एन. बहादुरजी यांच्यापुढे चौकशी झाली आणि निकाल नरीमनांच्या विरुद्ध गेला. मौलाना आझादांनी मात्र पुढे आत्मचरित्रात लिहिलं की नरीमन पारशी असल्यानं त्यांच्यावर अन्याय झाला.

आझादांचं कारण मला पटत नाही. खेरांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर होते, तेही पारशीच. खरं कारण प्रांताच्या रचनेत आहे. मुंबई इलाखा म्हणजे गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि मुंबई शहर, आणि काँग्रेसच्या प्रांतिक समित्याही तशाच वेगळ्या. नरीमनांचं वजन होतं ते शहरात. आमदारांची बहुसंख्या बाहेरची. शंकरराव देव आणि गंगाधरराव देशपांडे यांचा कल कुठे आहे, यावर महाराष्ट्र-कर्नाटकातली मतं फिरत होती, आणि तो कल नरीमनांकडे नव्हता. पटेलांनी शब्द टाकला यात मला शंका वाटत नाही. पण त्यांनी तो टाकला नसता तरी नरीमन निवडून आले असते असं मानायला आधार नाही. अन्याय झाला तो नंतर. इतक्या वर्षांची सेवा असलेल्या माणसाला विश्वासाच्या पदाला अपात्र ठरवण्याची काहीही गरज नव्हती.

कोल्हापूरहून : ब्राह्मणेतर पक्ष १९२०च्या निवडणुकीत जोरात होता. १९३७पर्यंत कुठे गेला?

काँग्रेसमध्ये गेला, हे थोडक्यात उत्तर. १९२०ला काँग्रेसनं बहिष्कार घातला होता, त्यामुळे मैदान मोकळं होतं. पुढे भास्करराव जाधव मंत्री झाले. पण १९३०च्या सुमारास पुण्यात केशवराव जेधे आणि काकासाहेब गाडगीळ एकत्र आले आणि तरुण मराठा कार्यकर्ता सत्याग्रहात उतरला. डिसेंबर १९३६मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, निवडणूक जेमतेम दोन महिन्यांवर असताना. मराठ्यांसाठी ७ जागा राखीव होत्याच, पण आता त्यांवरही काँग्रेसचे उमेदवार होते. खेरांचे अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे तर मूळचे ब्राह्मणेतर चळवळीतले आणि कोल्हापूरचे माजी दिवाण.

सोलापूरहून : बायकांना मत होतं का?

होतं, आणि मुंबई प्रांतात ते १९२१पासूनच होतं. १९३७ला साक्षर स्त्रीला स्वतःच्या हक्कानं मत मिळालं. पुरेशी मालमत्ता असलेल्याच्या पत्नीलाही मिळालं. विधानसभेत स्त्रियांसाठी ५ सर्वसाधारण आणि १ मुस्लिम अशा जागा होत्या. लीलावती मुनशी विधानसभेत आल्या, हंसा मेहता वरिष्ठ सभागृहात.

अमरावतीहून : तुम्ही नेहमी मुंबई इलाख्याचंच लिहिता. वऱ्हाडचं काय?

तक्रार योग्य आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या आणि काँग्रेसनं ७० जिंकल्या, म्हणजे मुंबईपेक्षा यश मोठं. नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. पण पक्ष आतून दोन भागांत होता, मराठी आणि हिंदी. महाकोशलचे, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागातले, रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी खऱ्यांचं जमलं नाही. जुलै १९३८मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. महाकोशलच्या मंत्र्यांनी द्यायला नकार दिला, तेव्हा गव्हर्नरनं त्यांना बडतर्फ करून खऱ्यांनाच पुन्हा मंत्रिमंडळ बनवायला सांगितलं. काँग्रेसश्रेष्ठींना न विचारता गव्हर्नरकडे गेल्याचा ठपका आला, काही दिवसांतच खऱ्यांना पायउतार व्हावं लागलं आणि शुक्ल आले. खरे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि नंतर हिंदू महासभेत.

खऱ्यांची बाजू मला आजही पूर्ण चुकीची वाटत नाही. निवडून आलेला नेता सभागृहाला जबाबदार की दिल्ली-वर्ध्याच्या समितीला, हा त्यांचा सवाल कायद्याच्या दृष्टीनं बिनतोड होता. पण तो विचारायला त्यांनी गव्हर्नरचं दार निवडलं, आणि १९३८ला ते कुणीच माफ करणार नव्हतं. वऱ्हाडातल्या उमेदवारांविषयी आणि तिथल्या मतदारसंघांविषयी पुढच्या वेळी सविस्तर लिहितो.