एकाच फोटोच्या अनेक एडिट केलेल्या आवृत्त्या नीट कशा ठेवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की एकाच फोटोच्या रंगीत, ब्लॅक अँड व्हाइट, इन्स्टाग्रामसाठी क्रॉप केलेली आणि प्रिंटसाठीची अशा चार फाइल्स झाल्यात, नावं ‘फायनल’, ‘फायनल२’ अशी आहेत आणि कुठली कशासाठी केली तेच आता कळत नाही.

फोल्डर लावायच्या आधी मुळात इतक्या फाइल्स हव्यात का, ते बघा. माझ्या मते नकोत. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) एकच ठेवायची, तिला हात लावायचा नाही. लाइटरूम क्लासिक या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हर्च्युअल कॉपी’ करता येते. तिच्यात फोटो पुन्हा साठवला जात नाही, तुम्ही केलेल्या बदलांची फक्त नोंद राहते, त्यामुळे दहा कॉपी केल्या तरी डिस्कवर जागा जवळपास लागत नाही. प्रत्येक कॉपीला ‘कॉपी नेम’मध्ये नाव देता येतं. तिथे ‘छपाई’, ‘इन्स्टा’, ‘कृष्णधवल’ असा उपयोग लिहा. आकडे टाकू नका. सहा महिन्यांनी ‘३’ म्हणजे काय हे कुणालाच आठवत नाही. मग सगळ्या कॉपी एका स्टॅकमध्ये, म्हणजे एकावर एक गठ्ठा करून, ठेवल्या की ग्रिडमध्ये एकच फोटो दिसतो. पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ‘डुप्लिकेट’ केलं की रॉ फाइलशेजारी प्रत्येक आवृत्तीच्या बदलांची नोंद असलेली छोटी एक्सएमपी फाइल तयार होते.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळा: नवी आवृत्ती नेहमी मूळ फाइलवरून करायची, आधीच्या जेपेगवरून कधीच नाही. समजा दिवे घाटात वर चढणाऱ्या पालखीचा फोटो आहे. इन्स्टासाठी तो ४:५ मध्ये, १०८० बाय १३५० पिक्सेलचा काढला. पुढे कुणी १२ बाय १८ इंची प्रिंट मागितली, तर ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. त्या छोट्या जेपेगमध्ये ते नाहीत, शिवाय कडेचे वारकरी क्रॉपमध्ये केव्हाच गेलेत. जेपेग एडिट करून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा दर्जा जातो, तो वेगळाच.

म्हणून बाहेर काढलेल्या जेपेग मी कायमच्या मानत नाही. त्या वेगळ्या ‘एक्सपोर्ट’ फोल्डरमध्ये असतात, ‘२०२३-दिवेघाट-०४१७-छपाई’ अशा नावांनी, आणि काम झालं की खुशाल उडवतो. नावात वर्ष आणि ठिकाण हवंच, कारण कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो आणि दोन वेगळ्या फोटोंना एकच नाव मिळतं. अपवाद फोटोशॉपचा: लेअर लावून तासन्‌तास रिटचिंग केलं असेल, तर ती पीएसडी किंवा टिफ फाइल रॉशेजारीच जपून ठेवा.

लाइटरूमच्या व्हर्च्युअल कॉपी फक्त कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या स्वतःच्या नोंदींच्या फाइलमध्ये असतात, एक्सएमपीत उतरत नाहीत. फोटोंचा बॅकअप घेतला पण कॅटलॉगचा राहिला, तर सगळ्या आवृत्त्या गेल्या म्हणून समजा.

सध्याच्या गोंधळासाठी एक सोपा उपाय आहे. सगळ्या फाइल्स फोटो काढल्याच्या वेळेनुसार लावा, ‘मॉडिफाइड’ तारखेनुसार नको. ही वेळ एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्येच लिहिलेल्या माहितीत असते आणि एडिट केल्यावरही सहसा टिकते, त्यामुळे एकाच फोटोची भावंडं आपोआप शेजारी येतात. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून जाऊन परत आलेल्यांची ही माहिती पुसलेली असते, त्या बाजूला पडतील. मूळ फाइल हाताशी असेल तर आधी त्या काढून टाका.