उघड्या पाठीचे हेडफोन: वाचकांचे प्रश्न

वायरच्या ओपन-बॅक हेडफोनविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. ओपन-बॅक म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीची असलेले हेडफोन. आवाज काढणाऱ्या पडद्याच्या मागचा आवाज कपात कोंडत नाही, बाहेर निघून जातो. त्यामुळे गाणे मोकळे, खोलीत बसून ऐकल्यासारखे वाटते. झेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ आणला, तेव्हापासून ही रचना घरात आली.

प्रश्न: रात्री जेवणानंतर दोन तास ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकतो. बहुतेक ध्वनिमुद्रणे जुनी, मोनो. फोनला हेडफोनचे सॉकेट नाही. झेनहायझर एचडी ६००, बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो (२५० ओहम) आणि हायफायमॅन एचई४००एसई यांत ठरत नाही. वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घ्यावाच लागेल का? (वाचक, सांगली)

तुमच्या ऐकण्याला एचडी ६००. माणसाचा गळा, सारंगी, पेटी ज्या पट्टीत वाजतात तिथे हा हेडफोन फारशी ढवळाढवळ करत नाही. आलापातला श्वाससुद्धा जागच्या जागी राहतो. आमच्या मते ख्यालासाठी ही एकच गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे.

डीटी ९९० प्रोमध्ये ८ हजार हर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा आहे, म्हणजे तिथला आवाज वाढून येतो. नव्या सिनेसंगीतात त्याने झांज आणि शेकर चमकतात. जुन्या टेपवर मात्र तोच उंचवटा फितीची खरखर, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ आणि तानपुऱ्याच्या जवारीतली धार, सगळेच पुढे ओढतो. अर्ध्या तासात कान थकतो. पॅरामेट्रिक ईक्यूत (हव्या त्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करणारी ॲपमधली सोय) ८ हजारला ५-६ डेसिबल कमी करून तो बराच शांत करता येतो, पण प्रत्येक फोनवर, प्रत्येक ॲपमध्ये ते करत बसावे लागेल.

एचई४००एसई प्लेनर (चुंबकांशेजारी हलणाऱ्या सपाट, पातळ पडद्याच्या) जातीचा आहे आणि खालचे स्वर सरळ देतो. एचडी ६०० साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरतो. काळी एकच्या तानपुऱ्यातला खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे तो उताराच्या तोंडाशी सापडतो, हरवत नाही. त्याच्या खालचे तुमच्या जुन्या मोनो मुद्रणांत मुळातच फार थोडे उतरलेले असते. एचई४००एसईचे वजन मात्र ३९० ग्रॅम, एचडी ६००चे सुमारे २६०. दोन तासांच्या बैठकीत हा फरक मानेला कळतो. एचडी ६०० खिशाला जड वाटला तर त्याच घरातला १२० ओहमचा एचडी ५६०एस पाहा. खाली जास्त खोल जातो, वर थोडा उजळ आहे.

ॲम्पचा हिशेब कागदावर करता येतो. एचडी ६००चा अवरोध (इम्पीडन्स) ३०० ओहम, संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९७ डेसिबल, म्हणजे १ मिलिवॅट दिला की ९७ डेसिबल आवाज. १ मिलिवॅटसाठी लागणारा व्होल्टेज म्हणजे ०.००१ गुणिले ३०० याचे वर्गमूळ, सुमारे ०.५५ व्होल्ट. फोनच्या चार्जिंगच्या सॉकेटला लावायचा साधा यूएसबी-सी डोंगल १ व्होल्ट देत असेल तर सुमारे १०२ डेसिबल मिळतात, २ व्होल्ट देणारा डोंगल १०८. शास्त्रीय मैफिलीत सरासरी पातळी शिखरांच्या १५-२० डेसिबल खाली असते. म्हणजे १ व्होल्टवर सरासरी ८२ ते ८७, घरी ऐकायला पुरे. हळू आवाजात मुद्रित झालेल्या जुन्या टेप्ससाठी २ व्होल्टचा डोंगल हाताशी असलेला बरा. टेबलावरच्या ॲम्पची गरज नाही. एचई४००एसईचे गणित वेगळे. २५ ओहम, ९१ डेसिबल. १ मिलिवॅटसाठी त्याला ०.१६ व्होल्टच पुरतो, पण १ व्होल्टला ४० मिलिअँपिअर प्रवाह ओढतो आणि किरकोळ डोंगल तिथे दम टाकतात. ‘जास्त ओहम म्हणजे चालवायला अवघड हेडफोन’ हा समज म्हणूनच अर्धा खरा आहे. ओहम आणि संवेदनशीलता दोन्ही एकत्र वाचायचे असतात.

डोंगल घेताना दोन खबरदाऱ्या. काही स्वस्त जोडण्यांत डॅक (डिजिटल सिग्नलचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारी चिप) नसतोच, त्या फक्त तारा फिरवतात आणि मोजक्याच फोनवर चालतात. आणि ॲपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पूर्ण आवाज देत नाही, कारण फोन त्याचा आतला व्हॉल्यूम वर नेत नाही.

मोनोसाठी क्रॉसफीड (एका कानाचा थोडा आवाज दुसऱ्या कानाला देणारी सोय) वगैरे सोयी बंद ठेवा. दोन्ही कानांना एकच सिग्नल असल्यावर त्यांना करण्यासारखे काही उरत नाही. गायक एका बाजूला, तबला दुसऱ्या बाजूला अशा सुरुवातीच्या स्टीरिओ मुद्रणांवर क्रॉसफीड खरोखर सुखाचा वाटतो.

नवा एचडी ६०० डोके चांगलेच आवळतो. डोक्यापेक्षा बोटभर रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर दोन-तीन रात्री चढवून ठेवा. तेवढ्याने भागले नाही तर बाजूच्या धातूच्या पट्ट्या बाहेर ओढून हलक्या हाताने वाकवा. प्लॅस्टिकच्या कमानीला जोर लावू नका, ती तडकते. दुकानात दोन हेडफोन ताडून पाहताना आवाज कानाने सारखा करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि याच चुकीने सर्वात जास्त पैसे वाया जातात.

प्रश्न: दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली रस्ता. पंखा सतत चालू, पत्नी शेजारी झोपलेली असते. ओपन-बॅक घेऊ का? (वाचक, डोंबिवली)

नका घेऊ. जाळीतून आवाज जसा बाहेर जातो तसाच रस्ता आणि पंखा आत येतो. हातभर अंतरावरच्या माणसाला गाण्याचे शब्दसुद्धा कळतात. त्याहून वाईट म्हणजे गोंगाटावर मात करायला तुम्ही नकळत आवाज वाढवाल. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५.

ऐकण्याच्या वेळी, ऐकण्याच्या जागी पंखा लावून फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने पातळी पाहा. ॲप ठोकळ असते, पण दिशा कळते. ४० च्या आत असेल तर ओपन-बॅक शोभेल. ५० च्या वर असेल तर बंद पाठीचा डीटी ७७० प्रो (८० ओहम) तुमच्या घरात कितीतरी जास्त संगीत ऐकवेल.

प्रश्न: ५० ओहमचा ओपन-बॅक जुन्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरच्या सॉकेटला लावला की डग्ग्याचा घुमारा फुगतो. फोनच्या डोंगलवर तोच हेडफोन ठीक वाजतो. बिघाड कुठे? (वाचक, पुणे)

बिघाड कुठेच नाही. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा हेडफोनसाठी वेगळे सर्किट नसते. स्पीकरचाच आउटपुट १०० ते ४०० ओहमच्या रेझिस्टरमधून सॉकेटला दिलेला असतो. डबीवर ५० ओहम लिहिले असले तरी डायनॅमिक, म्हणजे नेहमीच्या कॉइलवाल्या, हेडफोनचा अवरोध सगळीकडे ५० नसतो. पडद्याच्या स्वतःच्या कंपनाशी, म्हणजे साधारण ८०-१०० हर्ट्झला, तो २०० ओहमच्याही वर जाऊ शकतो. डग्गा नेमका तिथेच बोलतो.

रेझिस्टर १२० ओहमचा धरा. मधल्या स्वरांना ५० भागिले १७०, म्हणजे २९ टक्के व्होल्टेज पोचतो. डग्ग्याला २०० भागिले ३२०, म्हणजे ६२ टक्के. फरक साडेसहा डेसिबलचा, तोच तुम्हाला ऐकू येतो आहे. याच सॉकेटवर ३०० ओहमचा हेडफोन, ज्याचा अवरोध तिथे ५०० पर्यंत चढतो, जेमतेम १ डेसिबल फुगेल. प्लेनर तर अजिबात नाही, कारण त्यांचा अवरोध जवळपास सपाट असतो.

सॉकेटचा अवरोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. तुमच्या बाबतीत ६ ओहमच्या आत. ॲम्प्लिफायर स्पीकरसाठी ठेवा, हेडफोन डोंगलवरच ऐका. स्पीकरच्या टर्मिनलला थेट तारा जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पडद्याची कॉइल क्षणात जळू शकते.

प्रश्न: ४.४ मिमी बॅलन्स्ड केबलने (प्रत्येक कानाला स्वतंत्र दोन तारा देणाऱ्या) आवाज सुधारतो का? (वाचक, नागपूर)

केबलने नाही. त्या सॉकेटमागे बहुधा दुप्पट व्होल्टेजचे सर्किट असते, म्हणजे ६ डेसिबल जास्त. साध्या जॅकवर आवाज पुरत असेल तर त्या पैशात पॅडचा नवा जोड घ्या.

प्रश्न: पाच वर्षांच्या एचडी ६००च्या डाव्या कपात खालच्या सुरांना फुरफुर येते. घर समुद्राजवळ. ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग) गेला का? (वाचक, रत्नागिरी)

बहुधा केस गेला आहे आत. पडद्याला टेकलेला एक केस खर्जाच्या सुराला हुबेहूब फाटल्यासारखा आवाज काढतो. पण आधी केबल तपासा. दोन्ही कपांतले प्लग उपसा, वायर न ओढता प्लगचे डोके धरून. दोन पिनांपैकी एक जाड असते, त्यामुळे प्लग एकाच बाजूने बसतो. डावा उजव्याला, उजवा डाव्याला लावून ऐका. फुरफुर दुसऱ्या कानात गेली तर दोष केबलचा किंवा ज्याला ती जोडली आहे त्याचा, ड्रायव्हरचा नाही.

ती डावीकडेच राहिली तर पॅड काढा. कडेला बोटे घालून खेचले की तो खुंट्यांतून सुटतो. त्याखाली पातळ स्पंजची चकती आहे. पाच वर्षांच्या दमट हवेत तिचा भुगा होऊ लागतो आणि तो पडद्यावर पडतो. चकती बोटाला चिकटत असेल तर परत घालू नका, नवी घ्या. चकतीखालच्या जाळीतून केस दिसला तर चिमट्याने टोक धरून ओढा, चिमटा जाळीच्या आत जाऊ देऊ नका. मग हेडफोन पालथा धरून कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने दोन-चार झोत द्या. व्हॅक्यूम क्लीनर किंवा दाबाच्या हवेचा डबा इथे चालत नाही, पडदा चेपतो.

पॅड कडक झाले नसतील तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळवा. चपटे झाले असतील तर बदलाच. कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि सूरच बदलतो. पॅडचे जोड साठवून मात्र ठेवू नका. स्पंज दमटपणाने न वापरताही झिजतो. पावसाळ्यात हेडफोन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या पुडीसोबत ठेवा.

सगळे बसवल्यावर २० ते २०० हर्ट्झपर्यंत सलग चढत जाणारा सूर (स्वीप) हळू आवाजात लावा. फुरफुर त्याच सुरावर अजूनही येत असेल तर मगच ड्रायव्हर बदलायचा. तो कपात दाबून बसवलेला सुटा भाग असतो, झाळकाम लागत नाही.